अब्बांचा रोजा आणि तांदळाचे माप

कल्याणच्या दूधनाक्याजवळ आमचे घर आहे. माझे सासरे, ज्यांना घरातील सारेच अब्बा म्हणतात, रेल्वेच्या लोको शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झाले. आज त्यांचे वय ८३ आहे. मी डोंबिवलीतील एका मराठी शाळेत शिकवत असे. निवृत्त झाल्यापासून अब्बांचे औषधपाणी व खाणेपिणे माझ्याकडे आहे. आम्ही कोकणी मुसलमान. घरात तांदळाची भाकरी, नारळाचे वाटण आणि मासळी. बोलणे मराठी, नमाजची भाषा अरबी. खाण्यापिण्याचे नियम आमच्या घरात कुणी मुद्दाम शिकवत नाही. मूल जसे चालायला शिकते तसे ते हेही शिकते. म्हणूनच म्हातारपणी आजारामुळे हे नियम बदलावे लागले की माणसाला आपल्या पायांखालची जमीन सरकल्यासारखे वाटते. हे मला कळायला एक वाईट दिवस यावा लागला.

अब्बांना मधुमेह होऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. गोळ्या होत्याच, पुढे रात्रीचे इन्शुलिनही सुरू झाले. २०२४च्या रमजानपूर्वी डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितले, की वय, इन्शुलिन आणि मूत्रपिंडांचे अहवाल पाहता यंदा रोजे नकोत. अब्बांनी मान डोलावली. मी निश्चिंत झाले.

१२ मार्चला पहिला रोजा होता. पहाटे स्वयंपाकघरात दिवा दिसला म्हणून उठले, तर अब्बा खजूर आणि पाणी घेऊन बसले होते. मी काही बोलण्याआधीच ते म्हणाले, "बेटी, हा माझा आणि अल्लाहचा मामला आहे." सासऱ्यांशी, तेही रमजानच्या पहाटे, वाद कसा घालावा? मी मुकाट्याने भाकरी टाकली, अंडे करून दिले. या साऱ्यात माझा जो वाटा आहे तो एवढाच. पण तो लहान नाही.

तिसऱ्या रोजाच्या दुपारी तीनच्या सुमारास ते पलंगावर घामाने निथळताना दिसले. हात थरथरत होते. मला ते त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारू लागले. ग्लुकोमीटरवर आकडा आला ४८. सहरीला त्यांनी नेहमीच्या सगळ्या गोळ्या घेतल्या होत्या आणि नंतर दहा तास पोटात अन्नाचा कण नव्हता. मी साखरेचे पाणी त्यांच्या ओठांशी नेले. त्यांनी ओठ घट्ट मिटून मान फिरवली. शुद्ध हरपत चाललेल्या माणसाला दुसरे काही आठवत नव्हते, पण आपला रोजा आहे हे आठवत होते. माझ्या पतींनी त्यांना उचलून रिक्षात घातले. रुग्णालयात शिरेतून ग्लुकोज दिल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "रोजा तुटला का?"

मी "हो" म्हटले. त्यांनी भिंतीकडे तोंड केले.

दोन दिवसांनी आमच्या मोहल्ल्यातील मशिदीचे मौलाना त्यांना भेटायला घरी आले. ते मला बोल लावतील अशी भीती मला वाटत होती. त्यांनी बोल लावला तो अब्बांना, पण फार मायेने. त्यांनी सांगितलेले माझ्या शब्दांत मांडते. कुराणात मृत जनावर, वाहते रक्त, डुकराचे मांस आणि अल्लाहखेरीज अन्य कुणाच्या नावे अर्पण केलेले जनावर, या चार गोष्टी निषिद्ध ठरवणाऱ्या आयती चार ठिकाणी येतात. त्या चारही ठिकाणी मनाईला लागूनच, जो नाइलाजाने, प्राणावर बेतले म्हणून खाईल त्याच्यासाठी क्षमा सांगितलेली आहे. रोजाचेही तसेच. ज्या आयतींत रोजे फर्ज केले त्याच आयतींत आजाऱ्याला आणि प्रवाशाला ते पुढे ढकलण्याची मुभा आहे. आणि ज्याला रोजा झेपणेच शक्य नाही त्याने गरिबाला अन्न द्यावे, असेही तेथेच आहे. मौलाना म्हणाले, "चाचा, हुकूम आणि सवलत एकाच हाताने लिहिलेली आहे. तुम्ही अर्धेच वाचता."

बाहेरून पाहणाऱ्याला हलाल आणि हराम म्हणजे केवळ मनाईची यादी वाटते. मीही शाळेत सहकाऱ्यांना समजावताना यादीच सांगत असे: डुक्कर नाही, दारू नाही, जनावर अल्लाहचे नाव घेऊन कापलेले हवे, रक्त वाहून गेलेले हवे, मासळीला मात्र कापण्याचा नियम नाही. त्या यादीबरोबर तितकीच महत्त्वाची अशी सवलतींचीही व्यवस्था आहे, ती मी सांगत नसे. घरात म्हातारे माणूस असेल तर त्याच्या उपयोगी पडणारा भाग नेमका तोच असतो.

मौलाना गेल्यावर अब्बा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण सगळे घर उपाशी असताना दुपारी मी एकटाच ताटावर बसणार. नातू शाळेतून येऊन विचारणार, दादा, तुमचा रोजा नाही? मग मी या घरात कोण?"

तेव्हा माझ्या ध्यानात आले, की डॉक्टरांनी त्यांना काय करू नये ते सांगितले होते आणि मीही तेच सांगत राहिले होते. त्याऐवजी काय करावे हे कुणीच सांगितले नव्हते. सवलत मिळालेला माणूस आपल्याला वगळले असे समजत होता.

वाट त्या आयतीतच होती. रोजाच्या बदल्यात द्यायच्या अन्नाला फिदया म्हणतात. आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. आमच्याकडे सुटलेल्या प्रत्येक रोजामागे एक ‘मुद्द’ धान्य द्यायचे असते. म्हणजे साधारण पाऊण किलो, आणि तेही त्या प्रदेशात जे रोज खाल्ले जाते ते. हनफी घरांत माप वेगळे आहे. बहुतेक लोक महिन्याचे पैसे एकदम देऊन मोकळे होतात. मी तसे केले नाही. बाजारपेठेतून चांगला तांदूळ आणला, एक माप ठरवले आणि अब्बांना म्हटले, "आजपासून हे काम तुमचे." दोन रोजे पूर्ण झाले होते, मोडलेला धरून २८ दिवस उरत होते. रोज संध्याकाळी इफ्तारच्या थोडे आधी अब्बा पाटावर बसून माप भरत, वरून हाताने सपाट करत आणि पिशवीत ओतत. नातू पिशवीचे तोंड धरून ठेवी. दर आठवड्याला ती पिशवी मोहल्ल्यातील एका गरजू कुटुंबाकडे जाई. दुपारी ते आतल्या खोलीत जेवत, औषध घेत. आणि संध्याकाळी दस्तरखानावर आमच्याबरोबर पहिला खजूर उचलत. नातवाने विचारलेच तेव्हा त्यांनी सांगितले, "माझा रोजा पिशवीत आहे."

आपल्यासारखे अनुभव किती घरांत येत असतील याचा अंदाज यावा म्हणून थोडी माहिती देते. २००१ साली १३ देशांतील १२ हजारांहून अधिक मधुमेही मुसलमानांची पाहणी झाली होती. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असलेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के लोक रमजानमध्ये किमान १५ दिवस रोजे ठेवतात असे तीत आढळले. आणि रुग्णालयात न्यावे लागेल इतकी साखर उतरण्याचे प्रमाण त्यांच्यात इतर महिन्यांच्या मानाने साडेसात पट होते. म्हणजे केवळ "ठेवू नका" म्हणून भागत नाही. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने रमजानविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. २०२१च्या आवृत्तीत वय, इन्शुलिन, मूत्रपिंडांची स्थिती, पूर्वी साखर उतरल्याचा इतिहास अशा गोष्टींना गुण देऊन कोणाला धोका कमी, कोणाला मध्यम आणि कोणाला जास्त हे ठरवण्याची पद्धत आहे. धोका कमी असलेल्यांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली रोजे ठेवता येतात. अब्बा जास्त धोक्याच्या गटात होते.

सवलतीचा प्रश्न सुटला, तसा एक दुसरा प्रश्न पुढे आला. कुराणात अन्नाविषयी ‘हलाल’ या शब्दाच्या जोडीला ‘तय्यब’ हा शब्दही येतो. हलाल म्हणजे अनुमत. तय्यब म्हणजे चांगले, स्वच्छ, हितकर. आमच्या घरांत पहिला शब्द सतत ऐकू येतो, दुसरा क्वचितच. अब्बांना सुकट आणि सोडे फार प्रिय. रक्तदाब वाढलेला असताना मी सुकट बंद केली, तेव्हा ते म्हणाले, "का? हलाल नाही का?" हलाल होती, पण तिच्यातले मीठ त्यांच्यासाठी तय्यब नव्हते. इफ्तारला तळलेले सामोसे, भजी आणि गोड सरबते यांचेही तेच. दिवसभर संयम आणि सूर्यास्तानंतर अतिरेक, ही रमजानची रीत नव्हेच. पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी ठेवावा, ही शिकवण पैगंबरांच्या नावे सांगितली जाते. पाकिटावरची हलालची मोहर पाहून आपण वस्तू घेतो. तिच्या मागच्या बाजूला लिहिलेले मिठाचे आणि साखरेचे प्रमाण वाचणे हेही त्याच कर्तव्यात येते, असे मला आता वाटते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आमच्यातील अनेकजण प्रत्येक नियमाला वैज्ञानिक कारण जोडू पाहतात. डुकराच्या कच्च्या मांसातून जंत होतात म्हणून ते वर्ज्य, रक्त वाहून गेल्याने मांस आरोग्यदायी होते म्हणून जबीहा. जंतांचा धोका खरा आहे, पण तो नीट शिजवल्याने टळतो. आणि मांस किती निर्धोक हे ते कसे साठवले, किती वेळात घरी आले, किती शिजवले यावर अधिक अवलंबून असते. श्रद्धावान माणूस हे नियम पाळतो ते आज्ञा म्हणून. आरोग्याचा पुरावा सापडला तर आनंद आहे, न सापडला तर नियम डळमळत नाही.

नियमांचा नैतिक अर्थ मात्र मला जाणवतो. जनावर कापण्यापूर्वी सुरी धारदार करावी, ती त्याच्या डोळ्यांसमोर परजू नये, त्याला कमीत कमी यातना व्हाव्यात, हे जबीहाच्या शिकवणीत आहे. कुणाचा तरी जीव घेऊन आपण जेवतो याची आठवण त्यात आहे. बकरी ईदला कुर्बानीच्या मांसाचे तीन वाटे करतात: एक गरिबांना, एक नातलग व शेजाऱ्यांना, एक घराला. डॉक्टरांनी अब्बांचे मटण मोजून दिल्यापासून आमच्या घरचा वाटा लहान झाला आणि पहिला वाटा मोठा. त्याबद्दल अब्बांनी एकदाही तक्रार केली नाही. देण्याचा मार्ग उघडा असला की सोडणे सोपे जाते.

त्याच वर्षी पावसाळ्यात अब्बा न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून हेपॅरिनचे इंजेक्शन द्यायचे ठरले. हे औषध डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून तयार होते, हे मी वाचलेले होते. माझ्या पतींचे आणि माझे रुग्णालयाच्या व्हरांड्यात हलक्या आवाजात बोलणे झाले. ते म्हणाले, "अब्बांना सांगू नकोस. नाही म्हणाले तर?" मलाही तोच मोह झाला. न सांगता दिले असते तर कुणालाच कळले नसते. पण मला पहाटेचा तो दिवा आठवला. तेव्हा अब्बांनी आमच्यापासून लपवले आणि जिवावर बेतले. आता आम्ही त्यांच्यापासून लपवायचे? त्यांच्या शरीरात काय जाते हे जाणण्याचा हक्क आजारपणाने जात नाही.

मी डॉक्टरांना विनंती केली, की त्यांनीच अब्बांना समजावून सांगावे. अब्बांनी विचारले, "दुसरे औषध नाही?" डॉक्टरांनी सांगितले, की इतर औषधे आहेत, परंतु अब्बांच्या मूत्रपिंडांची स्थिती पाहता त्यांच्यासाठी हेच अधिक सुरक्षित. अब्बांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाले, "मग नाइलाजाची गोष्ट आहे. द्या." संध्याकाळी मी उशी सारखी करत असताना ते हळूच म्हणाले, "बेटी, सांगितलेस ते बरे केलेस."

औषधांबाबत असे प्रश्न अनेक घरांत असतात. पूर्वी इन्शुलिन गाय आणि डुक्कर यांच्या स्वादुपिंडांपासून काढत. १९८२ पासून जनुकीय तंत्राने तयार केलेले मानवी इन्शुलिन मिळू लागले आणि आज बहुतेकांना तेच किंवा त्यासारखे कृत्रिम इन्शुलिन दिले जाते. कॅप्सूलचे कवच बहुधा प्राण्यांची हाडे व कातडे यांपासून काढलेल्या जिलेटिनचे असते. १९९५ साली कुवेत येथे भरलेल्या इस्लामी वैद्यकीय परिषदेत असे मत मांडले गेले, की मूळ पदार्थाचे रूप पूर्णपणे पालटून जिलेटिन तयार होते, त्यामुळे ते निषिद्ध राहत नाही. सर्वच उलेमा यास मान्यता देत नाहीत. ज्यांना शंका आहे त्यांनी डॉक्टरांना विचारावे. काही औषधे गोळीच्या रूपात किंवा वनस्पतिजन्य कवचात मिळतात. मात्र कॅप्सूल उघडून आतली पूड परस्पर घेऊ नये. काही औषधे पोटात हळूहळू विरघळावीत म्हणूनच तशी बनवलेली असतात.

हे सारे मी डोंबिवलीच्या एका जुन्या सहकारी मैत्रिणीला सांगत होते. ती हसली आणि म्हणाली, "अगं, आमच्या आईची एकादशी अशीच!" तिची आई शाकाहारी, वय ७९, मधुमेही. महिन्यातून दोनदा दिवसभर साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस. दुसऱ्या दिवशी साखर कुठच्या कुठे. जिलेटिनची कॅप्सूल कळली तर तीही नाकारील. माझा तांदळाच्या मापाचा प्रकार ऐकून मैत्रिणीने आईशी बोलणी केली. आता एकादशीला आई थोडी भगर, ताक आणि काकडीची कोशिंबीर घेते, आणि त्या दिवसाचा साबुदाणा व शेंगदाणे कामवाल्या मावशींच्या मुलांसाठी बांधून देते. दोन घरांचे देव्हारे वेगळे, पण म्हातारपणाची काळजी सारखीच.

ज्यांच्या घरी असे वडीलधारे आहेत त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी सांगते. रमजानच्या किंवा मोठ्या उपवासाच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. आदल्या दिवशी नव्हे. औषधांच्या वेळा व मात्रा त्यांनीच बदलायच्या, आपण नाही. नेहमीच्या गोळ्या आणि रिकामे पोट ही जोडी घातक ठरू शकते. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा मोडत नाही, असेच बहुतेक उलेमांचे मत आहे. तेव्हा दिवसातून अनेकदा तपासा. साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर चढली तर रोजा तत्काळ सोडावा. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे दिसले आणि माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट रुग्णालय गाठा. सहरी शक्य तितकी उशिरा आणि पोटभरीची असावी. आमच्याकडे मार्चमध्ये रोजा जवळजवळ सव्वातेरा तासांचा असतो, मेमध्ये चौदा तासांच्याही वर. हा हिशेब डॉक्टरांना सांगा. आणि शक्य झाल्यास धर्माच्या जाणकाराशीही वडीलधाऱ्यांची गाठ घालून द्या. डॉक्टरांचा "नको" हा शब्द त्यांना पटेलच असे नाही. मौलानांच्या तोंडून त्याच गोष्टीचे "मुभा आहे" झाले की मन राजी होते.

या वर्षीच्या रमजानमध्ये अब्बा वॉकर घेऊन चालत होते. पाटावर बसणे आता जमत नाही, म्हणून टेबलावर माप ठेवले. पहिल्या संध्याकाळी मला स्वयंपाकघरातून यायला उशीर झाला. बाहेर येऊन पाहते, तर नातू माप भरत होता आणि अब्बा सांगत होते, "वर ढीग नको, पण कमीही नको. हाताने सारखे कर." मी दारात उभी राहिले. मग अजान झाली आणि आम्ही सगळे खजुराच्या ताटाभोवती बसलो.